कुंची घातलेला दगड

सिंगापूरहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? मी सांगते, हवाई बेटं पाहिली. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला आता ओळखू येतं. बाईंचं वय झालं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. पण मी खोटं बोलत नाही. सिंगापूरची उंच हॉटेलं आणि दिव्यांची झाडं मी टॅक्सीच्या काचेतून पाहिली. आत राहून, हात लावून, आणि खरं सांगायचं तर घाबरून जे पाहिलं ते हवाई होतं. समुद्राकाठी एक फॅमिली रिसॉर्ट आहे, सगळं हवाईच्या धर्तीवर बांधलेलं. तिथल्या मुक्कामाची ही हकिगत. तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा, पण आधी हे वाचून जा.

मी चित्रकलेची शिक्षिका. पुण्यातल्या एका शाळेत जन्मभर मुलांना हात काढायला शिकवलं. चेहरा कुणालाही थोडाफार जमतो, हात जमत नाहीत, बोटं तर मुळीच नाहीत. निवृत्त होऊनही खोड जात नाही. चित्र असो की मूर्ती, मी आधी हात बघते.

माझा मुलगा मंदार सिंगापूरला एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघतो. सून सायली अकाउंटंट आहे, आणि नात इरा सात वर्षांची. सेंगकांग भागात त्यांचा फ्लॅट आहे. मी गेले होते सायलीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, आणि मी स्वतः शिवलेली पिवळ्या खणाची कुंची. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाचं डोकं आणि पाठ एकदमच झाकणारं टोपडं, हल्ली हे सांगावं लागतं. मी पोचले त्याच आठवड्यात, आठव्या महिन्यात, बाळ पोटातच गेलं. मुलगा होता.

पुढचं सगळं हॉस्पिटलमधल्या लोकांनी फार नीट आणि हळुवारपणे केलं. घरी आल्यावर मात्र एक नियम आपोआप लागू झाला, त्याविषयी कुणी बोलायचं नाही. इराला सांगितलं की बाळ आता येणार नाही. ती ‘ओके’ म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली. सायली रडलीच नाही. ती कामं करत राहिली. धुतलेले कपडे पुन्हा धुवायची, इस्त्रीच्या घड्या उलगडून पुन्हा घालायची. मंदार तिला समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे घेऊन जायचा, तिथेही ती गप्प बसून परत यायची. फक्त लिफ्टमध्ये किंवा दुकानात कुठे तान्हं मूल रडलं, की ती झटकन मान वळवायची आणि मूल दिसेनासं होईपर्यंत बघत राहायची. माझं परतीचं तिकीट जवळ येत होतं. हिला अशी टाकून मी विमानात कशी बसू, या विचाराने माझी झोप उडाली होती.

सप्टेंबरची शाळेची सुट्टी लागली तेव्हा मंदार म्हणाला, आपण सगळे थोडे दिवस कुठेतरी राहून येऊ. रिसॉर्टमध्ये एरवी खूप आधी नाव नोंदवावं लागतं म्हणे. या वेळी मागितल्याबरोबर खोली मिळाली, तीही दोन बेडरूमची आणि समुद्राकडच्या बाजूची. मला तो शुभशकुन वाटला.

वाटेवर

खोली का मिळाली ते टॅक्सीत कळलं. आमच्या इमारतीच्या खाली पत्र्याच्या पिंपात लोक कागद जाळत होते. फूटपाथच्या कडेला संत्री, भात, उदबत्त्या आणि चहाचे छोटे पेले मांडून ठेवलेले. मी कौतुकाने वाकून बघायला गेले तर इराने माझा पदर धरून मागे ओढलं.

“डोन्ट स्टेप, आजी. ते आपलं नाही. सेव्हन्थ मंथ लाह.”

‘लाह’ हे तिथल्या इंग्रजीचं शेपूट. मग टॅक्सीभर तिने मला शाळेतल्या मैत्रिणींकडून मिळालेलं ज्ञान दिलं. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात भुतांना सुट्टी असते. ती भुकेली असतात, म्हणून हे सगळं त्यांच्यासाठी मांडतात. त्या महिन्यात पोहायचं नाही. मागून कुणी हाक मारली तर वळून बघायचं नाही. आणि कुणाचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही, कारण त्यांनी ऐकलं तर ती ते नाव घेऊन जातात. म्हणूनच पाण्याकाठच्या रिसॉर्टमध्ये या दिवसांत चिनी कुटुंबं फिरकत नाहीत, असं मंदारने पुढच्या सीटवरून सांगितलं. मी मनात तिथी मोजली. आमचा श्रावण चालू होता. चंद्र एकच, पण आमच्याकडे त्याच महिन्यात पुरणावरणाचा घमघमाट आणि इथे ही पिंपं. सायली खिडकीबाहेर त्या धुराकडे बघत होती.

लॉबीतली भिंत

रिसॉर्ट सुंदर आहे, त्यात वाद नाही. लॉबीचं छप्पर उपड्या घातलेल्या होडीसारखं, आतून नुसतं लाकूड. गळ्यात फुलांची माळ घातली, हातात अननसाचा रस दिला. उकुलेले नावाची छोटी गिटार असते, तिचं संगीत सगळीकडे वाजत असतं, झुडपांतूनसुद्धा. पण माणूस नाही. एवढी मोठी लॉबी, शंभर खुर्च्या, आणि आम्ही चौघं. पोहण्याच्या तलावाचं निळं पाणी आपलं आपण घसरगुंडीवरून खाली येत होतं, पण त्यावर कुणीच नव्हतं.

तिथली कला दाखवायला रोहाना नावाची एक मलाय बाई आहे. माझ्याच वयाची, फुलाफुलांचा झगा, बोलायला मोकळी. ती मला ‘आंटी’ म्हणाली, मीही तिला आंटी म्हणून हिशेब पुरा केला. तिने सांगितलं की इथलं सगळं कोरीवकाम हवाईहून आलेल्या एका कारागिराने केलंय. तो काम संपेपर्यंत इथेच राहत होता. हवाईच्या गोष्टींत गुडघ्याएवढी बुटकी माणसं असतात, मेनेहुने. ती कुणाला दिसत नाहीत. माणसं झोपली की ती धरणं, भिंती, देवळं बांधतात आणि उजाडायच्या आत पसार होतात. त्या कारागिराने असे लाकडी बुटके सगळ्या रिसॉर्टभर लपवून ठेवलेत. कुणी दिव्याच्या मागे, कुणी लिफ्टच्या कोपऱ्यात, कुणी जिन्याच्या खाली. मुलांनी ते शोधायचे, हा इथला खेळ. इरा लगेच पळाली.

मी मात्र भिंतीपाशीच थांबले. लॉबीच्या जिन्यालगतच्या भिंतीवर बुटक्यांची मोठी रांग कोरलेली आहे. ती जिन्याबरोबर चढत चढत थेट छपरापर्यंत जाते. मेनेहुने म्हणे दगड वाहून नेत नाहीत. खाणीपासून तळ्यापर्यंत रांग करून उभे राहतात आणि दगड हातोहात पुढे देतात. भिंतीवर तेच होतं. प्रत्येकाच्या हातात एकेक दगड, खरा, काळा, लाकडी हातांत नेमका बसवलेला. आणि काय ते हात. नखं, बोटांची पेरं, दगडाच्या वजनाने ताणलेली मनगटं. मी अर्धा तास मान वर करून बघत होते. सगळ्यात वरचा बुटका मात्र हात पुढे करून नुसताच उभा होता. त्याच्या ओंजळीत काही नव्हतं.

दगड पडला का, मी रोहानाला विचारलं. ती हसली. गोष्टीत असं आहे की एका राजाने लपून त्यांना काम करताना पाहिलं, आणि त्यांनी काम तिथल्या तिथे टाकून दिलं. तळ्याच्या भिंतीत एका दगडाची जागा राहून गेली. म्हणून कारागिराने शेवटचे हात मुद्दाम रिकामे ठेवले. शिडी लावल्याशिवाय तिथे कुणाचा हातही पोचत नाही.

“म्हणजे त्याचा दगड आलाच नाही?” मी म्हटलं.

“येतोय, आंटी,” रोहाना म्हणाली. “अजून वाटेत आहे.”

आम्ही खोलीकडे निघालो तेव्हा सायली मागेच राहिली होती. ती वर बघत होती. मंदारने तिला दोनदा हाक मारली.

कोनाडा

आमच्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात, खोलीच्या थोडं अलीकडे, भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात मंद दिवा. झाडाची साल कुटून कुटून तिचं कापड करतात, तसलं तपकिरी नक्षीचं कापड खाली अंथरलेलं आणि त्यावर एक लांबट, काळा, गुळगुळीत दगड. मी बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, “अगंबाई, हा तर वरवंटा.”

इराला वरवंटा म्हणजे काय ते माहीत असण्याचं कारण नाही. त्यांच्याकडे चटणी मिक्सरमध्ये होते. मी उत्साहाच्या भरात सांगू लागले. पाट्यावर वाटायचा दगड तो वरवंटा, आणि आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी त्यालाच कुंची घालतात. पाळण्याच्या वरून आणि खालून बायका त्याला एकमेकींकडे देतात, बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. मग खऱ्या बाळाला तसंच देतात आणि पाळण्यात घालून नाव ठेवतात. तुझ्या बाबाच्या वेळचा वरवंटा इतका जड होता की शेजारच्या काकूंच्या हातून निसटता निसटता राहिला. इरा हसली. मी मागे वळले तर सायली उभी होती.

मी जीभ चावली, पण काय उपयोग. मंदारने माझ्याकडे असं पाहिलं की मी आत जाऊन बॅगेतले कपडे विनाकारण लावत बसले. कुंची बॅगेच्या तळाशी होती. ती मी सेंगकांगला का ठेवून आले नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

जेवणात हवाईचं पोई आलं. जांभळट राखाडी, आंबूस, लिबलिबीत. बोटाने चाटलं आणि मी चकित झाले. अळकुड्या होत्या त्या, उकडून कुटलेल्या. आपल्या अळूचे कांदे. ज्याची पानं आपण वडीला घेतो आणि फदफदं करतो त्याचा कांदा हे लोक भातासारखा खातात. मंदार आणि मी हलक्या आवाजात भांडत होतो. तो म्हणत होता, आई, तू तो विषय काढायलाच नको होता. मी म्हणत होते, मी मुद्दाम काढला का? वाढणाऱ्या मुलीने हळूच सांगितलं की हवाईत पोईचं भांडं उघडं असताना कुणी वाद घालत नाही, थोरला भाऊ ऐकत असतो. कुठला थोरला भाऊ, ते काही आम्ही विचारलं नाही. सायली बोटाने पोई चाटत होती, आवडल्यासारखी.

थोरला भाऊ

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहानाने बाग दाखवली. तलावाच्या मागे चिखलाचे छोटे वाफे आहेत आणि त्यांत ओळीने अळू. मोठी पानं, वारा नसतानाही हलणारी. निदान मला तरी वारा जाणवत नव्हता. वाफ्याच्या कडेला चिखलातसुद्धा एक बुटका कोरलेला होता, गळ्यापर्यंत रुतलेला. इराला तो सापडला आणि ती ओरडली, पण जवळ मात्र गेली नाही.

तिथे रोहानाने थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. तिला आमचं काहीच माहीत नव्हतं, तिचा काय दोष. आकाशाला आणि त्याच्या बायकोला पहिलं बाळ झालं ते मेलेलंच जन्मलं. त्यांनी त्याला घराशेजारी पुरलं. त्या जागी एक रोप आलं, लांब देठाचं, थरथरत्या पानाचं. तेच पहिलं अळू. मग दुसरं बाळ झालं, ते जगलं, आणि हवाईची सगळी माणसं त्याच्यापासून झाली. म्हणून अळू सगळ्यांचा थोरला भाऊ. तो माणसांना खाऊ घालतो, माणसांनी त्याची काळजी घ्यायची.

मी मंदारचा दंड धरला. त्याने माझा हात झिडकारला नाही. पानं हलत होती. आणि सायली बोलली. कित्येक आठवड्यांत तिने स्वतःहून कुणाला काही विचारलं नव्हतं.

“त्याला नाव होतं का?” तिने इंग्रजीत विचारलं. “पहिल्याला?”

“होतं ना,” रोहाना म्हणाली. “लांबलचक होतं. थरथरणाऱ्या पानाचं नाव. धाकट्याला त्यातलंच अर्धं दिलं.”

सायलीने मान हलवली आणि वाकून एका पानाला बोट लावलं. परत येताना ती माझ्याशी साध्या गोष्टी बोलली, उन्हाविषयी, इराच्या चपलांविषयी. मला इतकं हलकं वाटलं की मी खोलीत जाऊन दुपारची झोप काढली.

बुटक्यांची खोली

उठले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. माझी बॅग उघडी होती. लाडवांचा डबा जागेवर, साड्या जागेवर, कुंची नाही.

मंदार आणि इरा तलावाकाठी बसले होते. पाण्यात पाय घालायला इरा तयार नव्हती. मी तिला विचारलं, तू माझ्या बॅगेतून काही काढलंस का? ती म्हणाली, नाही. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “आजी, नॉट मी. त्या छोट्या लोकांनी नेलं असेल. ते एकमेकांना देत देत नेतात ना.” मी तिला दटावलं. मंदारला वाटत होतं सायली खोलीत आहे. मला वाटत होतं ती त्यांच्याबरोबर आहे.

आम्ही तिघं वर गेलो. व्हरांडा रिकामा. दोन्ही बाजूंना बंद दारं, छपरातून उकुलेले. कोनाड्यातला दिवा चालू होता, तपकिरी कापड जागेवर होतं, त्यावर दगडाच्या आकाराचा खोलगट ठसा तेवढा होता. दगड गेला होता.

शोधायला लागलो. जिमपाशी गेलो, रेस्टॉरंट बघितलं, जिने बघितले. गंमत अशी की सकाळी एकेक बुटका सापडायला इराला किती वेळ लागला होता, आणि आता मला जिकडे तिकडे तेच दिसत होते. खांबामागे एक, नळापाशी एक, आरशाच्या चौकटीत दोन. सगळे एकाच दिशेला हात करून उभे असल्यासारखे वाटत होते. मी त्या दिशेला चालत राहिले. हे मी आज लिहितेय तेव्हा मला हसू येत नाही.

शेवटी लहान मुलांची खेळायची खोली आली. गुहेसारखी रंगवलेली, बुटक्या खुर्च्या, बुटकी टेबलं. मुलं नव्हती म्हणून ती बंद होती, पण काचेचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत सायली एका छोट्या खुर्चीवर गुडघे वर घेऊन बसली होती. तिच्या मांडीवर पिवळी कुंची होती, बंद नीट बांधलेले. ती मांडी हलवत होती आणि तळहाताने थोपटत होती. थाप, थाप, थाप.

मी दार ढकललं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

“आई, हळू. आत्ताच डोळा लागलाय.”

मी समोरच्या खुर्चीवर बसले. मला खूप भीती वाटली, सायलीची नाही, तिच्या मांडीवरच्या त्याची. मी हातांची बाई, चेहऱ्यांची नाही. पण कुंचीच्या काठाखाली त्या काळ्या दगडावर दोन उथळ खळगे होते, आणि त्या क्षणी मला तिथे मिटलेले डोळे दिसले. अजूनही दिसतात.

मंदारने बाहेर जाऊन तिच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, हिसकावून घेऊ नका, तिच्याजवळ बसा, आणि उद्या तिला घेऊन या. मग मंदार तिच्यासमोर जमिनीवर बसला. तो म्हणाला, “सायली, उद्या आपल्याला घरी जायचंय.”

“तुम्ही जा,” ती शांतपणे म्हणाली. “मी नाही येणार. मी गेले तर तो इथे एकटा राहील. त्या सगळ्यांची रांग आहे, त्यांना एकमेकांचे हात आहेत. याचं कोण आहे? याला तर नावसुद्धा नाही.”

परवा मी निघून जाणार आणि ही इथे, एका दगडापाशी, कायमची बसून राहणार, असं चित्र मला लख्ख दिसलं. आणि मी विचार न करता बोलले.

“मग नाव ठेवू या,” मी म्हटलं. “बारसं झाल्याशिवाय बाळाला कुणी कुठे पाठवतं का?”

सायलीने माझ्याकडे पाहिलं. थोपटणारा हात थांबला.

बारसं

त्या रात्री दगड तिच्या उशाशी होता. मी दाराकडे तोंड करून पडून राहिले, एवढंच त्या रात्रीविषयी पुरे.

सकाळी मी माझी सुती साडी बाल्कनीतल्या दोन वेताच्या खुर्च्यांना बांधून झोळी केली. गाठ सायलीने स्वतः ओढून पाहिली. बारशाला घुगऱ्या हव्यात, म्हणजे उकडलेले हरभरे. मंदार ब्रेकफास्टला जाऊन सॅलडमधले उकडलेले छोले वाटीभर घेऊन आला. हा माझा मुलगा गणपतीच्या आरतीलाही मोबाईल बघतो. तो ती वाटी दोन्ही हातांत धरून भिंतीपाशी उभा राहिला. पाच सवाष्णी असाव्या लागतात, आम्ही दोघीच होतो. आई स्वतः बाळ देत-घेत नाही, पण इथे दुसरं कोण देणार होतं? हवाईचं रिसॉर्ट, चिनी भुतांचा महिना, आणि आमचं बारसं. कोणत्या देवाला हे चाललं असेल माहीत नाही.

इराची एकच अट होती. नाव मोठ्याने घ्यायचं नाही. ते ऐकतील.

आम्ही झोळीच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. सायलीने झोळीच्या वरून तो माझ्या हातांत दिला. दगड गरम होता, रात्रभर तिच्याजवळ होता म्हणून असेल. मी खालून परत दिला. “कुणी गोविंद घ्या,” मी म्हटलं, “कुणी...” आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आपल्याकडे आधी वरवंटा फिरतो आणि मागून बाळ येतं. इथे मागून कुणी येणार नव्हतं.

“कुणी गोपाळ घ्या,” सायली म्हणाली.

पुढचं तिनेच म्हटलं. वरून दिला, खालून घेतला, पुन्हा वरून. शेवटच्या वेळी तिने तो छातीशी धरला आणि ती रडली. इतके आठवडे कुठे साठवलं होतं कोण जाणे. मंदार वाटी खाली ठेवून आला आणि त्याने तिला धरलं, तोही रडत होता. मी त्यांना आवरलं नाही. माझंही आवरलं जात नव्हतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की त्याची लाज वाटली.

मग तिने त्याला झोळीत निजवलं. कानात नाव सांगायला आत्या लागते, आमच्या घरात आत्या नाही. सायलीने इराला जवळ ओढलं आणि तिच्या कानात काही सांगितलं. ते नाव तिने केव्हाच ठरवलं होतं आणि मंदारलाही सांगितलं नव्हतं. इरा झोळीवर वाकली, दोन्ही हातांचा आडोसा केला आणि कुंचीत कुजबुजली. आमच्या इराची कुजबुज शेजारच्या ब्लॉकला ऐकू जाते, त्यामुळे आम्हालाही कळलं. चांगलं नाव आहे. ते मी इथे लिहिणार नाही, महिना संपला असला तरी.

बाहेर काहीतरी बदललं होतं. काय ते कळायला थोडा वेळ लागला. उकुलेले थांबलं होतं. आम्ही आल्यापासून एकदाही न थांबलेलं.

सायलीने दगड स्वतः कोनाड्यात नेला. कुंचीचे बंद सोडले, त्याला त्या सालीच्या कापडावर, त्याच खोलगट ठशात ठेवलं. थोडा वेळ हात त्याच्यावर ठेवून उभी राहिली. मग कुंचीची घडी घातली, एकदाच, आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. “चला,” ती म्हणाली.

निघताना

लॉबीत रोहाना उभी होती. माझा निरोप घ्यायला आली असेल असं वाटलं, पण ती आमच्याकडे बघत नव्हती. मान वर करून भिंतीकडे बघत होती. मीही बघितलं.

रांगेतल्या सगळ्यात वरच्या बुटक्याच्या हातांत दगड होता. छोटा, काळा, ओंजळीत नेमका बसलेला. आणि आल्या दिवशी नुसते पुढे केलेले त्याचे हात आता मला ताणलेले दिसत होते, वजन पेलल्यासारखे. लाकडाचे हात ताणले जात नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको.

मंदार म्हणाला, देखभालवाल्यांनी शिडी लावून बसवला असेल, साफसफाई चालूच असते. मी रोहानाला विचारलं, असं कुणी केलं का?

“सेव्हन्थ मंथ, आंटी,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “या महिन्यात आम्ही विचारत नाही.”

इरा माझ्या पदराआड आली. त्या ओक्याबोक्या लॉबीत कुठल्या तरी कोपऱ्यातून तान्ह्या मुलाच्या रडण्याचा आवाज आला, किंवा मला तसं वाटलं. मी सायलीकडे पाहिलं. तिने मान वळवली नाही. ती वरच्या त्या दोन हातांकडे बघत होती, आणि तिचा चेहरा बाळ जायच्या आधी, मी सिंगापूरला उतरले त्या दिवशी होता, तसा झाला होता.

“पोचला,” ती म्हणाली.

मग तिने इराचा हात धरला आणि ती टॅक्सीकडे चालू लागली. मंदार बॅगा घेऊन तिच्या मागे गेला. मागे वळून बघायचं नाही, असं इराने मला पुन्हा एकदा बजावलं होतं, तरी दारातून मी एकदा वळून पाहिलंच. वरच्या ओंजळीत दगड तिथेच होता.